पाय उठले म्हणजे संमती नव्हे

“रेंदेराच्या अंगाक माडयेचो वास येता. देवाच्या घरात तो वास कोणी घेवचो?”

हे वाक्य गावचे जमीनदार भाटकार यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर, म्हणजे मिस्सनंतर, वेदीसमोर, पहिल्या बाकावर बसून उच्चारले. मागे वळून पाहिलेसुद्धा नाही. बाकाच्या पाठीवर टाकलेला हात तसाच राहिला.

मी नुकताच माडी काढणाऱ्या रेंदेरांपैकी एकाचे, कायतानमामाचे, नाव सुचवून खाली बसलो होतो. आमच्या इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, मुखेली निवडायचा होता. मुखेली म्हणजे लोकांच्या वतीने चर्चचा कारभार पाहणारा माणूस. माझी सूचना मी चार ओळींत, व्यवस्थित, कारणांसहित मांडली होती. तिला उत्तर मिळाले ते हे.

प्रथम बाकांवरचे हसले. मग जमिनीवर, चटयांवर बसलेले आमचे लोक हसले. रेंदेरांची पोरे रेंदेराच्या वासाला हसली. हसणाऱ्यांत माझा सख्खा मेहुणा, बहिणीचा नवरा, होता.

भाटकार एवढ्यावर थांबले नाहीत. “आणि तू रे अर्जवाल्या? देवाक पण कोर्टफीचा तिकीट लावन अर्ज करतंस काय?”

पुन्हा हशा. या खेपेला जास्त.

माझा परिचय देणे येथे आवश्यक आहे. मी वेंगुर्ल्याच्या कचेरीच्या पडवीत बसून अर्ज लिहितो. शिक्षण मराठी सहावीपर्यंत, तेही अपुरे. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणास्तव आजवर परत आलेला नाही, आणि वकील लोकही कधीकधी मसुदा मजकडून करून घेतात, ही गोष्ट त्या पडवीतल्या कोणालाही विचारावी. कुळकायदा आला तेव्हा आमच्या गावच्या कुळांचे अर्ज मी लिहिले. त्यांतले बरेच मंजूर झाले. भाटकारांच्या वडिलांच्या नावावरचे तुकडे आमच्या माणसांच्या नावावर चढले. भाटकारांनी ते विसरावे अशी माझी अपेक्षा नव्हती. ते विसरलेही नाहीत.

गाव आरोंद्याच्या बाजूला, खाडीकाठी. घराणी मूळची गोव्याकडची. भाटकारांचे, त्यांच्या सोयऱ्यांचे, आणि बाकी आमची. आमची म्हणजे रेंदेरांची. माडावर चढायचे, माडी काढायची, हा पिढ्यांचा धंदा. दारूबंदी झाली आणि धंदा बसला. लोक नारळ पाडायला लागले, रेडीच्या बंदरावर खनिजाच्या टोपल्या उचलायला लागले. कायतानमामाने माडी काढणे सोडून इतकी वर्षे झाली होती की त्याच्या अंगाला वास येत असलाच तर तो घामाचा. तरी वास माडीचाच. तो अंगाला नव्हता, आडनावाला होता.

येशूच्या पायाशी सगळे सारखे, असे आम्ही प्रार्थनेत म्हणतो. म्हणताना आम्ही जमिनीवर बसतो आणि ते बाकांवर.

कायतानमामा माझा नात्याने कोणी नव्हे. गाव त्याला मामा म्हणतो. तो साधू नव्हता हे मी प्रथम लिहितो, कारण पुढे कोणी हरकत घेऊ नये. भांडखोर होता. लादाइन म्हणजे क्रुसासमोरची संध्याकाळची प्रार्थना. ती तो इतक्या बेसूर आवाजात सांगे की बायका पदर तोंडात धरत. पण देवीची साथ आली तेव्हा ज्या घरात भाटकारांचे माणूस शिरले नाही त्या घरात तो शिरला. मेलेल्यांना त्याने उचलले. नवरा-बायकोचे भांडण असो, बांधाचा वाद असो, लोक त्याच्या दारात जात. मुखेली कोणाला म्हणावे हे कोणी विचारते, तर मी एवढेच सांगितले असते: ज्याच्या दारात लोक आपणहून जातात तो.

आता मुखेलीपद आमच्या लेखी एवढे मोठे का, ते सांगतो.

आमच्या इगर्जीच्या दफनभूमीला दोन बाजू. दरवाजाकडची उंच बाजू, तांबड्या मातीची, कोरडी. ती भाटकारांच्या आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या घराण्यांची. आणि मागची, खाडीकडची. भरतीचे पाणी तिथे मातीखालून येते. पावसाळ्यात खड्डा खणला की हातभर खणेपर्यंत पाणी. ती आमची. कोणाला कुठे पुरायचे हे मुखेली ठरवतो. फादर सही करतात, जागा मुखेली दाखवतो. मुखेलीपद भाटकारांच्या घरात त्यांच्या आजोबांपासून. घंटेचा मनोरा आजोबांनी बांधला म्हणून.

माझे वडील श्रावणात वारले. पेटी खड्ड्यात सोडली आणि ती तरंगली.

मी तरुण होतो. पेटी तरंगताना मी पाहिली. दोघांनी बांबूने दाबली. एका बाजूने खाली गेली, दुसऱ्या बाजूने वर आली. दरवाजाकडे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी घसा खाकरला. तेव्हा कायतानमामा कपड्यांनिशी खड्ड्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात. दोन्ही हात पेटीवर ठेवून म्हणाला, “जा रे भावा. जा आता खाली. किती छळशीत?” आणि माती पडेपर्यंत तसाच दाबून उभा राहिला.

आईने ते पाहिले होते. त्यानंतर ती पावसाला भ्यायला लागली. म्हातारपणी तिचे एकच मागणे. भाकरी नको, लुगडे नको. “झिला, माका कोरड्यात ठेय रे. माका त्या पाण्यात घालू नको.”

मी म्हणे, “आये, ठेयतंय.” अर्ज लिहिणाऱ्या मुलाचा तिला भरवसा होता. मामलेदार ज्याचे ऐकतो त्याचे मुखेली ऐकणार नाही, हे तिला पटत नसे.

कायतानमामाने उघड सांगितले होते की तो मुखेली झाला तर कोरडी जमीन सगळ्यांची. जो आधी मरेल तो आधी. “मराक घाई करू नकात मात्र,” असेही तो म्हणे.

आणि मग संधी आली. मिस्स लॅटिन सोडून आमच्या भाषेत आली त्या सुमारास जुने फादर गेले, नवे आले. ते घाटावरचे. शुद्ध मराठी बोलत. तरुण, सरळ माणूस. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी वेदीवरून सांगितले, “तुमचा पुढारी वरून येणार नाही. तुम्हीच तुमच्यातला चांगला मनुष्य शोधा आणि निवडा.” हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. असे वाक्य मी कुठल्याच अर्जात लिहिलेले नव्हते.

आम्ही घरोघर फिरलो. लोक म्हणाले, कायतानमामाच. रेडीच्या बंदरावर जाणारी पोरे म्हणाली, कायतानमामाच. मुंडकार, म्हणजे भाटकारांच्या माडांखाली ज्यांच्या झोपड्या आहेत ते लोक, ते दबक्या आवाजात म्हणाले, पण म्हणाले.

आणि तो रविवार. सुरुवातीचे वाक्य. हशा.

हशा ओसरला तेव्हा कायतानमामा बसल्या जागेवरून बोलला. मोठ्याने नव्हे.

“बाब, माका वास येता. तुमका चढता.”

गोव्याहून खाडीतून दारूच्या बाटल्या कोणाच्या घरी उतरतात हे गावाला ठाऊक होते. कोणी हसले नाही. हसू दाबल्याचा जो आवाज होतो तेवढा झाला. भाटकारांचे कान मागून लाल दिसले.

फादर घाबरले असावेत. त्यांनी हात वर केला. “वाद नको. आपण मत घेऊ. प्रथम भाटकारांचे नाव. ज्यांची संमती असेल त्यांनी उभे राहावे.” आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला खाली वाकले.

बाकांवरची माणसे उभी राहिली. बोटांवर मोजण्याइतकी. चटयांवरचा एकही उठला नाही.

मी मागे वळून पाहिले. सगळे बसलेले. मेहुणा बसलेला. मुंडकार बसलेले, माना खाली, पण बसलेले. तो क्षण मी कधी विसरणार नाही. माझ्या आयुष्यात मी एवढी माणसे एका विचाराने बसलेली पाहिली नव्हती. मला आईची आठवण झाली. तांबडी कोरडी माती डोळ्यांसमोर आली.

तेव्हा भाटकार उठले.

स्वतःच्या नावासाठी उठले, की कोण बसून आहे ते पाहण्यासाठी उठले, हे मला आजही सांगता येत नाही. सावकाश उठले. धोतराचा सोगा सारखा केला. आणि मागे वळले.

आमच्या गावात भाटकार उभे असताना कोणी बसत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. कोणी शिकवत नाही. आईच्या कडेवर असतानाच पोर ते शिकते, कारण आई उठते तेव्हा तेही उठते. वाटेने भाटकार आले की विडी लपते, डोक्यावरचे मुंडासे उतरते, माणूस उठतो. विचार करून नव्हे. ठेच लागली की हात पुढे जातात तसे.

चटया सळसळल्या. मुंडकार उठले. बायका उठल्या. रेडीची पोरे उठली. मेहुणा उठला.

कायतानमामा उठला.

ज्याने घटकेपूर्वी भाटकारांच्या तोंडावर ते वाक्य फेकले होते तो उठला, आणि खांद्यावरचा पंचा काढून त्याने हातात घेतला. स्वतःच्या विरुद्ध उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे मी पाहिले. त्याला कळलेच नव्हते.

मला कळले. मी ओरडलो, “हरकत आहे! माझी हरकत आहे!” आणि हरकत घेण्यासाठी, कचेरीत घेतो तशी, ताडकन उभा राहिलो.

फादरांनी मान वर केली. सगळी इगर्ज उभी. मीसुद्धा.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटले, वाद मिटला. “एकमताने,” ते म्हणाले. मी पुन्हा बोलू लागलो तेव्हा बाकावरच्या कोणीतरी स्तोत्र सुरू केले, आणि स्तोत्राला तर उभेच राहावे लागते. कायतानमामाचे नाव मताला आलेच नाही. एकमत झाल्यावर दुसरे नाव घेण्याचे कारण उरत नाही, असे मला नंतर समजावण्यात आले.

मी त्याच दिवशी फादरांकडे गेलो. झालेली निवड रद्द ठरवावी अशी विनंती केली.

“पण तुम्ही सगळे उभे राहिलात ना?” फादर म्हणाले.

“राहिलो. परंतु ते मत नव्हते.”

“मग काय होते? आदर?”

“आदर नव्हे, फादर.”

“भीती?”

मी विचार केला. रेडीच्या पोरांना भाटकारांची भीती नव्हती. ज्यांच्या नावावर जमिनी झाल्या त्यांना नव्हती. कायतानमामाला तर नव्हतीच. “भीतीही म्हणता येणार नाही,” मी म्हणालो.

“मग तुम्ही उठलात कशासाठी?”

मी शब्दांवर पोट भरतो. सबब, उपरोक्त, वहिवाट, कबजा, नाइलाज. प्रत्येक गोष्टीला मजपाशी शब्द असतो. त्या गोष्टीला नव्हता. शेवटी म्हणालो, “पाय उठले, फादर.”

फादरांनी माझ्याकडे दयेने पाहिले. खरोखरच दयेने. “पाय उठले पण संमती नव्हती, असे मी वरिष्ठांना कसे लिहू?”

मी वरिष्ठांना स्वतः अर्ज केला. सुंदर लिहिला. उत्तर आले: उपस्थित सर्वांनी उभे राहून संमती दिल्याचे कळते. तक्रारीस आधार दिसत नाही.

कायतानमामा त्यानंतर महिनाभर इगर्जीत आला नाही. मी गेलो तर म्हणाला, “तू माका कित्याक सांगतंस? मी खंय उठलंय? माका वाटला मी बसलंय.” तो हसला नाही.

आई पुढल्या पावसाळ्यात गेली. आषाढ. तीन दिवस पागोळ्या थांबल्या नव्हत्या.

मी भाटकारांच्या घरी गेलो. ओटीखाली, पावसात उभा राहिलो. दुसरे काय करणार होतो? म्हणालो, “बाब, आवशीक कोरड्यात जागा दिया.” कचेरीची भाषा मला त्या दिवशी आठवली नाही.

भाटकार आरामखुर्चीत होते. म्हणाले, “तोंडी कसा काय? तू तर लिवणारो. अर्ज दी.”

मी अर्ज लिहिला. त्यांच्याच ओटीच्या कडेवर कागद ठेवून, त्यांच्याच घरातल्या दौतीने. ‘अर्जदाराची आई’ असे लिहिले. ‘मयत’ असे लिहिले. हे दोन शब्द मी इतरांसाठी असंख्य वेळा लिहिले होते. ‘आपला आज्ञाधारक’ म्हणून सही केली.

त्यांनी तो दोनदा वाचला. अक्षराची तारीफ केली. मग म्हणाले, “सभा घेवक व्हयी. पुढच्या म्हयन्यात बघूया.”

“बाब, ती घरात आसा. आज माती दिवची आसा.”

“मग आवस मराच्या आधी अर्ज करूक व्हयो होतो. तुका कायदो म्हायत नाय?”

आईला खाडीच्या बाजूला नेले. खड्ड्यात पाणी होते. आम्ही तळाला माडाच्या झावळ्या टाकल्या, त्यांवर आणखी टाकल्या. झावळ्या बुडाल्या. कायतानमामा पुढे आला तेव्हा मी त्याला थांबवले, आणि मी उतरलो. माझे हात पेटीवर होते. “आये, ठेयतंय” म्हणणारे तोंड माझेच होते.

माती पडली. मला वर काढले. मी थडग्याच्या कडेला चिखलात बसलो.

इतक्यात भाटकार छत्री घेऊन आले. मुखेलीने यायचे असते. कुंपणाच्या दगडांवर टेकलेली माणसे उठली. रडणाऱ्या बायका रडता रडता उठल्या. बहीण उठली.

“ऊठ रे,” कायतानमामा माझ्या कानात म्हणाला. “बाब इलो.”

मी म्हणालो, “कित्याक?”

“ऊठ. लोकां बघतत.”

“कित्याक, मामा?”

त्याने माझ्या काखेत हात घालून मला उचलायला सुरुवात केली. मी हात सोडवला. माझे पाय उठत होते. मी हे खोटे सांगणार नाही. मांड्यांत, पोटऱ्यांत ओढ लागली होती, आतून कोणी दोरी खेचावी तशी. मी दोन्ही हातांनी चिखल धरला. आईच्या अंगावरची ताजी माती. ती मुठीत धरून मी स्वतःला खाली ठेवले.

भाटकार माझ्यासमोर येऊन थांबले. “काय रे? पाय मोडले?”

“नाय,” मी म्हणालो. “बसलंय.”

एवढेच. यापेक्षा चांगले वाक्य मला सुचायला हवे होते, पण सुचले नाही. छत्री थोडा वेळ माझ्यावर होती, मग गेली.

येथवर मी भाटकारांसाठी आदरार्थी बहुवचन वापरले. ती धंद्याची सवय. येथून पुढे एकवचन.

तो अजून मुखेली आहे. आई अजून पाण्यात आहे. माझ्या बसण्याने एक मूठ मातीही इकडची तिकडे झालेली नाही. बहीण माझ्याशी बोलत नाही. आईच्या मातीला मी तमाशा केला असे तिचे म्हणणे. मेहुण्याची झोपडी भाटकाराच्या माडांखाली आहे, तेव्हा तेही मी समजतो.

येत्या नाताळानंतर पुन्हा निवड आहे. फादरांना मी विनवले, चिठ्ठ्या टाकू द्या. ते म्हणाले, लिहिता येणारे किती आहेत? ते खरे आहे. म्हणजे पुन्हा उभेच राहायचे.

म्हणून दर रविवारी मी कायतानमामाच्या अंगणात चटई टाकतो आणि लोकांना बसायला शिकवतो. हे वाचून कोणाला हसू येईल. आम्हीही हसतो. कायतानमामा खांद्यावर पंचा टाकून, पोट पुढे काढून भाटकार होतो, अंगणात येतो, खाकरतो. लोकांनी बसून राहायचे. पहिल्या दिवशी, तो कायतानमामा आहे हे डोळ्यांनी दिसत असताना, अर्धी माणसे उठली. “अगो बाये, मी बाब न्हय गो!” तो ओरडला. एक म्हातारी म्हणाली, “म्हायत आसा रे मेल्या. पण खाकरलंस कित्याक?”

हळूहळू बसू लागली. गेल्या रविवारी सगळी बसून राहिली. मी म्हणालो, झाले. तेवढ्यात खालच्या वाटेने खरा भाटकार गेला. त्याने वर पाहिलेही नाही. अंगण उठले. कायतानमामा, अंगावर भाटकाराचे सोंग असताना, पंचा हातात घेऊन उभा.

मी उठलो नाही. बसलेल्या जागेवरून मला फक्त पाय दिसत होते. सगळ्यांचे पाय.

नाताळानंतर काय होईल ते मला ठाऊक आहे. बहुधा सगळे उठतील. परंतु या खेपेला फादर ‘एकमताने’ म्हणू शकणार नाहीत. मी चटईच्या मधोमध बसेन. हरकत घ्यायची असेल ती बसून घेईन. स्तोत्र सुरू झाले तरी उठणार नाही. इगर्जीतून काढले तर दरवाजात बसेन. मेल्यावर मला पाण्यात पुरतील, पुरू देत. जिवंत आहे तोवर त्या माणसासमोर हे पाय उठणार नाहीत, आणि माझे मत मोजायचे असेल तर त्यांना खाली पाहून मोजावे लागेल.